स्पॉटिफायवरची सामायिक प्लेलिस्ट : मराठी गाण्यांच्या गटाने वापरून पाहिल्यावर

मराठी भावगीते, नाट्यपदे आणि अभंग यांचे जे असंख्य व्हॉट्सॲप गट आहेत, त्यांपैकी बहुतेकांची रड एकच असते. कोणीतरी गाण्याचा दुवा टाकतो, चार जण वा-वा करतात, त्यावर सुप्रभाताची फुले आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊन पडतात आणि पुढच्या आठवड्यात तेच गाणे शोधायला जावे तर ते काही केल्या हाती लागत नाही. आमच्या गटाने यावर उपाय म्हणून गाणी ऐकण्याच्या स्पॉटिफाय या ॲपवर सामायिक प्लेलिस्ट (सर्वांनी मिळून भरायची गाण्यांची यादी), म्हणजे ॲपच्या बोलीत ‘कोलॅबरेटिव्ह’ प्लेलिस्ट, सुरू केली आणि ती बऱ्यापैकी मुरल्यानंतर मी हे परीक्षण लिहीत आहे. परीक्षण या एका सोयीचे आहे, सबंध ॲपचे नाही. गाणी गोळा करायला आणि गटातल्या सर्वांनी तीच गाणी ऐकायला इतकी सोपी सोय दुसरी क्वचितच असेल. परंतु त्या गाण्यांवर बोलायचे असेल, शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे ध्वनिमुद्रण कोणते, यांवर दोन घटका वाद घालायचा असेल, तर ही सोय निम्म्या वाटेवरच थांबते, असे माझे मत झाले आहे.

रचना साधी आहे. नवी प्लेलिस्ट करायची, माणसाच्या आकृतीशेजारी अधिकचे चिन्ह असलेले बटण दाबायचे आणि तयार होणारा दुवा गटात टाकायचा. त्या दुव्यावरून जो आत येईल, त्याला गाणी घालता येतात, काढता येतात आणि त्यांचा क्रमही बदलता येतो. फुकट खाते असलेल्यालाही यात सामील होता येते, आणि ज्येष्ठ मंडळी अधिक असलेल्या गटात ही गोष्ट निर्णायक ठरते, कारण गाणी ऐकण्यासाठी दरमहा पैसे मोजायचे ही कल्पना त्यांतल्या अनेकांच्या अजूनही पचनी पडलेली नाही. एका प्लेलिस्टमध्ये १०,००० गाण्यांपर्यंत जागा असते, म्हणजे जागेची चिंता कोणत्याही गटाला करावी लागू नये.

प्रत्येक गाण्यापुढे ते कोणी घातले हे दिसते आणि माझ्या दृष्टीने या सोयीचा खरा प्राण तोच आहे. गटातल्या गप्पांत ज्यांची आवड कधी कळली नव्हती, त्यांची आवड यादीतून हळूहळू उलगडत जाते. आमच्यातले सांगलीचे काका नाट्यपदांची वेस ओलांडत नाहीत हे सर्वांना ठाऊकच होते; पण बँकेतून निवृत्त झालेल्या आणि गटात फारसे न बोलणाऱ्या एका बाईंनी एकामागून एक लावण्या घालायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे पाहण्याची सर्वांची नजरच बदलली. नाव दिसते म्हटल्यावर माणसे जपून निवड करतात, समोर आले ते पुढे ढकलत नाहीत आणि एखादे गाणे घालण्याआधी ते पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकतात, असेही दिसून आले.

मात्र घालणाऱ्याचे नाव दिसते, काढणाऱ्याचे दिसत नाही. यादीतल्या कोणालाही कोणाचेही गाणे काढता येत असल्यामुळे आमच्याकडे एकदा चांगलीच जुंपली, कारण एका सदस्याने ‘ही मूळ चाल नव्हे’ असे परस्पर ठरवून दुसऱ्याने घातलेले गाणे उडवले होते आणि ते कोणी केले याचा शोध लागायला प्लेलिस्टची काहीच मदत झाली नाही. शेवटी ज्याने ते केले होते त्यानेच आपण होऊन सांगितले. घालण्याचा अधिकार सर्वांना आणि काढण्याचा फक्त मालकाला, इतकी साधी वाटणी करता आली असती, तर गटप्रमुखांची डोकेदुखी पुष्कळ कमी झाली असती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. गाणी निवडून दुसऱ्याला ऐकवण्याची हौस आपल्याकडे ॲपबरोबर आलेली नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि पुढे ती घरोघरी पोचल्यावर कोरी कॅसेट व गाण्यांची हाताने लिहिलेली यादी दुकानदाराकडे देऊन ती भरून घेण्याची पद्धत रुळली. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे, तेव्हा शेवटचे गाणे अंतऱ्यातच तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशेब मांडावा लागे. कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर मुखडा आणि गायकाचे नाव लिहिले जाई आणि हौशी माणूस गीतकार व संगीतकार यांची नावेही बारीक अक्षरात बसवी. त्याहूनही आधीपासून आकाशवाणीवर गाणे लावण्यापूर्वी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगण्याची शिस्त होती. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमात फर्माईश करणाऱ्यांच्या नावांची लांबलचक यादी संपली की ही तीन नावे यायची. हजारो श्रोत्यांना गीतकार माहीत झाले ते अशाच निवेदनांमुळे. मराठी रसिकाला गाणे ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘शब्द कोणाचे?’ असा पडतो, याचे बरेचसे श्रेय या शिस्तीला द्यायला हवे.

प्लेलिस्टच्या ओळीत गाण्याचे नाव असते आणि त्याखाली कलाकार असतात. हे कलाकार म्हणजे बहुधा गायक. कधी त्यांच्याच रांगेत संगीतकार उभा असतो, आणि कोणी गायले व कोणी चाल बांधली हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते उमजते. गीतकाराचे नाव पाहायचे झाले, तर तीन ठिपक्यांवर बोट ठेवून श्रेयनामावली उघडावी लागते. स्पॉटिफायने ही सोय २०१८ मध्ये दिली, त्याबद्दल कंपनीचे आभारच मानायला हवेत. पण त्या नामावलीत भर घालतात त्या गाणी चढवणाऱ्या कंपन्या. एखाद्या कंपनीने जुने ध्वनिमुद्रण चढवताना गीतकाराचा रकाना मोकळा सोडला किंवा तुकोबांचा अभंग ‘पारंपरिक’ या एका शब्दात गुंडाळला, तर ॲपवर तेच दिसत राहते आणि ऐकणाऱ्याला ते दुरुस्त करण्याचा कोणताही सरळ मार्ग उरत नाही.

माहिती बरोबर असली तरी ती अपुरी पडते अशीही उदाहरणे आहेत आणि गटातल्या गप्पांना खरा रंग चढतो तो त्यांवरच. साठच्या दशकातल्या काही मराठी चित्रपटांना आनंदघन या नावाने संगीत दिले गेले. भालजी पेंढारकरांचा १९६५ चा ‘साधी माणसं’ हा त्यांतला एक. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे जुन्या श्रोत्यांना सांगावे लागत नाही, पण आमच्या यादीतल्या तरुण सदस्यांना ते नवीन होते आणि नामावलीत ‘आनंदघन’ एवढेच वाचून त्यांना ते कळण्याची शक्यताही नव्हती. शांता शेळके यांनी वसंत अवसरे या नावानेही गीते लिहिली. हे ठाऊक नसलेला माणूस दोन वेगवेगळे कवी समजून पुढे जाईल. संगीतकारांत तर वसंत प्रभू, वसंत पवार आणि वसंत देसाई असे तीन वसंत आहेत, त्यांत गायक म्हणून वसंतराव देशपांडे येऊन मिळतात, आणि मग ‘हे कोणत्या वसंताचे?’ या प्रश्नावर गटात एखादी संध्याकाळ सहज निघते. अशा एखाद्या गाण्यापुढे दोन ओळींचे टिपण लिहिता आले असते, तर ती संध्याकाळ पुढच्या माणसासाठी तिथेच राहिली असती. प्लेलिस्टला एक वर्णन जोडता येते, पण ते सबंध यादीचे आणि तेही काहीशे अक्षरांचे; गाण्यागणिक टिपण लिहायला जागाच नाही. कॅसेटच्या कार्डावर जे मावत होते, ते इथे मावू नये याचे मला खरोखर नवल वाटते.

शोधाची अडचण थोडक्यात सांगते. बहुतेक जुन्या मराठी गाण्यांची नावे रोमन लिपीत चढवलेली आहेत आणि त्या लिप्यंतराला कसलाही धरबंध नाही. ‘माझ्या’मधला ‘झ’ कोणी झेड वापरून लिहितो, कोणी जे आणि एच, तर कोणी झेड आणि एच; ‘ज्ञानेश्वर’ मराठी पद्धतीने डीने सुरू होईल, हिंदी वळणाने जीने आणि संस्कृत पंडिताच्या हाती पडला तर जेने. ‘ळ’चा तर ‘ल’च होतो. त्यामुळे एखादे गाणे नाहीच असे म्हणण्याआधी चार प्रकारे शोधून पाहावे आणि तरीही न सापडल्यास गायकाच्या नावावरून त्याच्या संग्रहांत शिरावे.

यापेक्षा अधिक विचार करण्यासारखी बाब म्हणजे एकाच रचनेची निरनिराळी ध्वनिमुद्रणे. नाट्यपदांच्या बाबतीत हा घोळ ठरलेला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे त्या काळच्या गायकांनी पद आटोपशीर गाऊन ठेवलेले आहे. तेच पद पुढच्या पिढीने मैफलीत वीस मिनिटे रंगवले. आणि ॲपवर दोन्ही एकाच नावाने समोर येतात. ‘कट्यार काळजात घुसली’चे उदाहरण घ्या. दारव्हेकरांचे नाटक १९६७ चे, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. चित्रपट २०१५ चा, त्यात शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या चाली दिल्या आणि नाटकातली काही पदेही नव्याने गायली गेली. गटात कोणी नुसते ‘कट्यारमधले घातले आहे’ असे लिहिले की ते कोणते, हे उघडून ऐकल्याशिवाय समजत नाही. याचा दोष सेवेला देणार नाही. दोन्ही ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी मिळतात म्हणूनच तुलना करता येते, आणि पूर्वी ती करायला दोन तबकड्या, एक ग्रामोफोन आणि एक सहनशील यजमान लागत असे.

गीतरामायणावर आम्ही वेगळी प्लेलिस्ट केली आणि सोयीचे गुणदोष मला सर्वांत स्पष्ट दिसले ते तिथे. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे, म्हणजे बाबूजींचे, संगीत आणि एकूण ५६ गीते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे आठवड्याला एक या गतीने वर्षभर ही मालिका चालली. आकाशवाणीसाठी ती गीते माणिक वर्मा, ललिता फडके अशा निरनिराळ्या गायकांनी गायली होती. बाजारात घरोघरी पोचली ती मुख्यतः फडक्यांच्या स्वतःच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे. आज ॲपवर शोधल्यास सहज मिळते ते हे दुसरे रूप, आणि गटातल्या वडीलधाऱ्यांच्या कानात अजूनही पहिले रूप घुमत असते. ‘हे गीत बाबूजींचे नव्हे, मी रेडिओवर बाईच्या आवाजात ऐकले आहे’ असे कोणी ठासून सांगितले, तर त्याला वेड्यात काढू नये. तो बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे.

आणि मग क्रमाचा प्रश्न येतो. गीतरामायण ही सलग कथा आहे. कुश-लव श्रीरामांसमोर गाऊ लागतात तिथून ती उलगडत जाते आणि तिचा क्रम विस्कटला तर सगळाच चुथडा होतो. आमच्यातल्या एकीने आपल्या आईसाठी ही प्लेलिस्ट लावून दिली आणि ‘शफल’, म्हणजे गाणी क्रम मोडून कशीही लावण्याची सोय, चालू राहिल्याने रावणवधाच्या पाठोपाठ रामजन्माचा सोहळा सुरू झाला. आईंनी तक्रार केली नाही, फक्त ‘हे रामायण नवे दिसते’ एवढेच म्हणाल्या. ‘स्मार्ट शफल’ नावाचा आणखी एक प्रकार आहे; तो चालू असला की आपण निवडलेल्या गाण्यांच्या अधेमधे ॲप स्वतःच्या मनाची गाणी पेरते, आणि सामायिक यादीत त्यामुळे ‘हे कोणी घातले?’ असा नाहक संशयकल्लोळ माजतो. यादी संपल्यावर आपोआप पुढची गाणी लागत राहण्याचेही तसेच. हे सर्व बंद करता येते, पण ते ज्याने त्याने आपापल्या फोनवर करायचे असते आणि यादीच्या मालकाला ‘ही प्लेलिस्ट क्रमानेच वाजावी’ असे सर्वांसाठी ठरवून ठेवता येत नाही. फुकट खातेदारांना क्रमाबाबत किती मोकळीक मिळते, हेही वेळोवेळी बदलत आले आहे: २०२३ मध्ये भारतात त्यांच्याकडून हवे त्या क्रमाने गाणी लावण्याची आणि गाणे मागे-पुढे सरकवण्याची मुभा काढून घेतली गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने हवे ते गाणे शोधून आणि मित्राने पाठवलेले गाणे थेट लावता येईल, असे जाहीर केले. क्रमाने ऐकण्यासारखी यादी असेल, तर गटातल्या निदान एका घरी तरी पैसे भरून घेतलेले खाते असावे, असा माझा सल्ला आहे.

एक गाणे दुसऱ्यात मिसळून ऐकवण्याचीही सोय आहे. आधीचे गाणे विरत असतानाच पुढचे सुरू करणारा ‘क्रॉसफेड’ जुनाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी ‘मिक्स’ आणले, ज्यात दोन गाण्यांमधला जोड आपल्याला हवा तसा घालता येतो. लग्नाच्या हळदीला किंवा गणपतीच्या मिरवणुकीनंतरच्या नाचगाण्याला ते झकास आहे. भावगीतांच्या यादीत मात्र त्याला हात लावू नये. श्रीनिवास खळ्यांसारख्या संगीतकाराने मुखड्याआधीचे जे काही सूर योजलेले असतात, ते गाण्याचाच भाग असतात, आणि त्यांवर आधीच्या गाण्याची शेपटी येऊन पडली की ऐकणाऱ्याचा रसभंग होतो. दोन गाण्यांमध्ये चार क्षण काही वाजले नाही, तर बिघडत नाही.

गाणे वाजत असताना शब्द समोर सरकत जाण्याची सोय अलीकडच्या चित्रपटगीतांसाठी उपयोगी आहे आणि मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय मित्रांना ती विशेष आवडते, असा अनुभव आहे. जुन्या भावगीतांसाठी शब्द मिळतीलच याचा भरवसा नसतो आणि अशा सेवांवर जे मिळतात ते पुष्कळदा रोमन लिपीत, ऐकून उतरवलेले असतात. ऐकून उतरवणारा माणूस कितीही उत्साही असला, तरी अनवट शब्द त्याच्या कानावर वेगळाच पडतो, आणि पडद्यावर तो शब्द उजळून दिसू लागला की चूकही प्रमाण वाटू लागते. नाट्यपदात तर गंमतच होते: ओळ उजळलेली असते, गायक तानेत शिरलेला असतो आणि पडदा बिचारा पुढच्या शब्दाची वाट पाहत ताटकळतो. शब्दांसाठी आमचा गट सरळ ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर जातो. देवनागरीतले शब्द, गीतकार, संगीतकार, स्वर, ठिकठिकाणी राग आणि अवघड शब्दांचे अर्थ असे सगळे तिथे एका जागी मिळते, आणि हे काम कोणत्या मोठ्या कंपनीने नव्हे तर अलका विभास यांनी ध्यास घेऊन उभे केले आहे. व्यवहारात आमचे दोन फोन चालू असतात. एकावर गाणे आणि दुसऱ्यावर शब्द.

एकत्र ऐकण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली ‘जॅम’ ही सोय मला मनापासून आवडली. पैसे भरणारा एक ग्राहक बैठक सुरू करतो, बत्तीस जणांपर्यंत त्यात येऊ शकतात आणि सर्वांना एकाच वेळी एकच गाणे ऐकू येते. दूरच्या गावाहून सामील व्हायचे असेल, तर मात्र त्याचेही पैसे भरलेले खाते लागते. आमच्यातले दोघे जण अमेरिकेत आहेत, त्यामुळे बैठक इथल्या रात्री आणि तिथल्या सकाळी बसते: इकडे जेवणे आटोपलेली असतात, तिकडे चहा उकळत असतो. गाणे सर्वांच्या कानात एकाच क्षणी चालू असल्यामुळे ‘आता ऐका, इथली जागा ऐका’ असे व्हॉट्सॲपवर लिहिता येते आणि ते सर्वांना त्याच जागी कळते. दुवा पाठवून ‘दोन मिनिटे वीस सेकंदांनी ऐका’ असे सांगण्यात ही मजा नाही. एक अडचण उरतेच. गाण्यांचे हक्क देशागणिक वेगळे असतात, तेव्हा इथे वाजणारे एखादे ध्वनिमुद्रण तिथे फिक्या अक्षरात नुसतेच दिसते, वाजत नाही, आणि मग तेवढ्यापुरती बैठक अडते. दोघांची किंवा दहा जणांपर्यंतची आवड एकत्र करून यादी बनवणारे ‘ब्लेंड’ही आम्ही करून पाहिले, पण ते यंत्राने केलेले मिश्रण, त्यात कोणी काही निवडलेले नसते, म्हणून त्यावर कोणी काही बोललेही नाही.

फिक्या अक्षरांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली यादी आपली असली, तरी गाणी आपली नसतात. मार्च २०२४ मध्ये झी म्युझिकशी करार न जुळल्याने त्या कंपनीची गाणी स्पॉटिफायवरून हटली, तेव्हा अनेकांच्या याद्यांना भोके पडली. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक ही सेवाच बंद करायचे ठरवले. म्हणून आमच्या गटात एकाने यादीची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवायला घेतली आहे: मुखडा, गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, घालणाऱ्याचे नाव आणि शेवटी ‘का घातले’ हा रकाना. हा शेवटचा रकाना आता प्लेलिस्टपेक्षाही अधिक वाचला जातो.

पर्यायांचाही थोडा विचार केला. यूट्यूबवर खाजगी संग्राहकांनी चढवलेल्या तबकड्या, दूरदर्शनच्या जुन्या मुलाखती आणि मैफलींची ध्वनिमुद्रणे सापडतात, आणि दुर्मिळ चीज हवी असेल तर त्याला तोड नाही. तिथेही सामायिक यादी करता येते, पण फुकट ऐकताना अभंग आणि जाहिरात यांची जी गाठ पडते ती सहन होत नाही. ॲपल म्युझिकने सामायिक यादीची सोय २०२४ च्या आरंभी दिली आणि तिच्यात गाण्यावर चिन्हाने दाद देता येते, ही कल्पना चांगली आहे. आमच्यातल्या बहुतेकांचे फोन अँड्रॉइड असल्याने तिकडे गट हलवणे जमले नाही.

सामायिक यादी सुरू करू पाहणाऱ्या गटांना आमचे काही नियम उपयोगी पडतील. विषय ठरवून वेगळ्या याद्या कराव्यात, सगळे एकाच पोत्यात भरू नये; पावसाची वेगळी, नाट्यपदांची वेगळी, आणि ज्यांना गझल हवी त्यांची वेगळी. एकाने दिवसाला एकच गाणे घालावे. घातल्यावर गटात मुखडा, गीतकार आणि कोणते ध्वनिमुद्रण हे देवनागरीत लिहावे. दुसऱ्याचे गाणे काढायचे झाल्यास आधी त्याला विचारावे. यादीच्या वर्णनात ‘शफल बंद ठेवा’ असे लिहावे, जरी ते कोणी वाचत नसले तरी. गटात पाच-सहाच जण असतील आणि सर्वांचे फोन बरे चालत असतील, तर आजच सुरू करायला हरकत नाही. पन्नास-साठ जणांचा गट असेल, तर घालण्या-काढण्याचे काम तिघा-चौघांवर सोपवावे, बाकीच्यांनी गटात सुचवावे आणि मालकी अशा माणसाकडे द्यावी ज्याला नाही म्हणता येते. आमच्याकडे ती सध्या सांगलीच्या काकांकडे आहे, त्यामुळे नाट्यपदांची यादी सर्वांत लांब आहे.